घरच्या घरी दहा मीटर: एअर रायफलच्या सरावासाठी जागा उभारताना

बंदुकीच्या यंत्ररचनेचे आकर्षण असणाऱ्या नवख्या माणसाला आंतरजालावर सर्वांत आधी दिसतात त्या घरी बंदूक घडवण्याच्या चित्रफिती. त्यांपैकी बहुतेक अमेरिकेतील असतात. तेथील संघराज्याचा कायदा काही अटींवर व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवू देतो; मात्र कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी यांसारख्या राज्यांनी त्यावरही कडक निर्बंध घातले आहेत. भारतात हा छंद म्हणून अस्तित्वातच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवता येत नाही, आणि कलम ६ नुसार बंदुकीची नळी कापून आखूड करणे किंवा नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे यांनाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यांना किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. ‘फक्त शिकण्यासाठी केले’ या सबबीला त्या कलमांत जागा नाही.

म्हणून या लेखाचा विषय बंदूक घडवणे हा नाही. ज्याला हाताने काही उभारायची हौस आहे आणि नेमबाजीची ओढही आहे, त्याने घरी उभारावी ती सरावाची जागा, म्हणजे दहा मीटरची रेंज. अभिनव बिंद्रा यांच्या घरी वडिलांनी त्यांच्यासाठी रेंज बांधून दिली होती, हे सर्वश्रुत आहे. २००८ साली बीजिंगला दहा मीटर एअर रायफलमध्ये त्यांनी मिळवलेले सुवर्णपदक हे भारताचे ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. तेवढी सोय प्रत्येकाला परवडणार नाही, पण या खेळाला लागणारी जागा एका लांब ओसरीएवढीच असल्यामुळे तिची साधी आवृत्ती अनेक घरांत बसते. रायफल विकत घ्यावी आणि तिच्या अंतर्भागाला हात लावू नये. सगळे कौशल्य रेंज, छर्रे अडवणारी पेटी आणि स्वतःची उभे राहण्याची पद्धत यांवर खर्च करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रायफल निवडण्यापूर्वी कायद्याची रेषा

शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअरगनची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा जास्त नाही आणि जिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (म्हणजेच ०.१७७ इंचापेक्षा) जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. व्यास किंवा ऊर्जा यांपैकी एक जरी ही मर्यादा ओलांडत असेल, तर ती परवान्याच्या कक्षेत जाते. म्हणून दुकानदाराने ५.५ मिलिमीटरची रायफल दाखवली, तर नवख्या माणसाने ती खाली ठेवावी. परवाना न लागणारी रायफल घेतानाही अधिकृत विक्रेत्याकडून, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन, पक्क्या बिलासह घ्यावी, आणि ते बिल रायफलीच्या पेटीतच ठेवावे. रायफल घेऊन क्लबला जाताना रस्त्यात कोणी विचारणा केली, तर हाच कागद उपयोगी पडतो.

ऊर्जेचा हिशेब प्रत्येकाला करता यावा, कारण पहिला मोठा खड्डा येथेच आहे. छर्र्याचे वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, त्याला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि निम्मे करावे. स्पर्धेच्या रायफलीत साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे ऊर्जा साडेसात ते आठ ज्यूल होते. कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीही नाही. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला तेवढी पुरेशी असते. तरीही जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून घेण्याचा, झडप सैल करण्याचा किंवा नळी बदलण्याचा मोह अनेकांना होतो. अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्याने सेकंदाला २८३ मीटर वेग गाठला की तो २० ज्यूलला टेकतो. त्यापुढे गेलेली रायफल विनापरवाना शस्त्र ठरते आणि ती बाळगणाऱ्याच्या हातात गुन्हा येऊन पडतो. बदल्यात मिळते काय? जास्त धक्का, जास्त आवाज आणि कागदावर विखुरलेले छर्रे. नेमबाजीच्या दृष्टीने हा सौदा प्रत्येक बाजूने तोट्याचा आहे.

याला जोडून एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. एअरगन ही पक्षी किंवा खारी मारण्याचे साधन नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिकार हा गुन्हा आहे, आणि ज्याला त्या बाजूने या छंदात यायचे आहे त्याने येऊच नये.

कोणत्या प्रकारची रायफल

नवख्यासमोर प्रामुख्याने दोन प्रकार येतात. पहिला स्प्रिंगचा: नळी मोडून किंवा बाजूचा दांडा ओढून आतली स्प्रिंग दाबायची, आणि ट्रिगर दाबल्यावर ती स्प्रिंग दट्ट्या पुढे ढकलून हवा दाबते. दुसरा आधीच भरलेल्या दाबाच्या हवेचा, ज्याला सगळे पीसीपी म्हणतात. त्याच्या सिलिंडरमध्ये स्पर्धेच्या रायफलींत साधारण २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) हवा भरतात. आजच्या स्पर्धांतील जवळजवळ सर्व नेमबाज दुसरा प्रकार वापरतात, कारण त्यात छर्रा नळीत असताना रायफल जवळपास हलत नाही. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या धावू लागतो, थांबतो आणि छर्रा बाहेर पडण्याआधीच रायफलीला दोन वेगवेगळे हिसके देतो. त्यामुळे ती घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो. दर वेळी तोच सैलसर आधार देऊन ती धरायला शिकावे लागते. शिकण्यासाठी ती वाईट नाही, उलट धरण्यातली प्रत्येक चूक ती लगेच उघड करते. पण ज्याला पुढे स्पर्धेत उतरायचे आहे त्याने शक्य असल्यास क्लबच्या पीसीपी रायफलीवर काही महिने सराव करून मगच स्वतःची घ्यावी.

जुनी पीसीपी घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. स्पर्धेच्या रायफली बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या सिलिंडरचे वापराचे आयुष्य १० वर्षे सांगतात. रायफल स्वस्तात मिळाली आणि सिलिंडरची मुदत संपलेली निघाली, तर नव्या सिलिंडरचा खर्च मुळातच किमतीत धरावा.

सिलिंडर भरण्यासाठी हातपंप किंवा पाणबुड्यांच्या हवेचा मोठा सिलिंडर वापरतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर या कामाचा नाही. त्याचा दाब फारच कमी असतो आणि त्या हवेत ओल असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही, कोणत्याही परिस्थितीत जोडू नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा थोडासा अंश मिळाला तरी स्फोट होतो.

जागा

नियमानुसार नेमबाजाच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत १० मीटर अंतर असते आणि टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर असतो. नेमबाजाला उभे राहण्यासाठी मागे किमान दीड मीटर आणि पेटीच्या मागे अर्धा मीटर धरला, तर एकूण १२ मीटरची सरळ रेघ लागते. गावाकडच्या घराची पडवी, मोठ्या बंगल्याचे तळघर, वापरात नसलेले गोदाम, दोन खोल्या एका रेषेत आणणारा दरवाजा, अशा ठिकाणी ती सापडते. सदनिकेत बहुधा सापडत नाही.

जागा पाहताना लांबीच्या आधी एक प्रश्न विचारावा: नेमबाजाच्या नकळत रेषेच्या पुढे कोणी येऊ शकते का? बाजूला उघडणारे एकही दार, जिना किंवा खिडकी टार्गेटच्या वाटेत असेल, तर सरावाच्या वेळी ती आतून कडी लावून बंद करता आली पाहिजे. नुसते ‘घरच्यांना सांगून ठेवले आहे’ यावर भागवू नये. मुले विसरतात आणि पाहुण्यांना माहीत नसते. कडी लावता येत नसेल, तर ती जागा रद्द करावी आणि दुसरी शोधावी, मग ती कितीही सोयीची असो.

गच्चीचा विचार बहुतेकांच्या मनात येतो, आणि तो बहुतेकांनी सोडून द्यावा. गच्चीवर चुकलेला छर्रा कठड्यावरून बाहेर जाऊ शकतो, वारा आणि ऊन सरावाचा उपयोग कमी करतात, आणि शेजाऱ्याला समोरच्या गच्चीवर रायफल घेऊन उभा असलेला माणूस दिसला की तो पोलिसांना कळवतो, यात त्याचे काही चुकत नाही. बंद जागेतही सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कल्पना द्यावी, हे मी प्रत्येकाला सुचवतो.

ज्यांच्याकडे लांबी नाही त्यांना पाच मीटरवर सराव करता येतो. त्यासाठी टार्गेट निम्म्या आकाराचे छापावे, म्हणजे ३०.५ मिलिमीटरचे काळे वर्तुळ १५.२५ मिलिमीटरचे होईल आणि पीप साइटमधून (डोळ्याजवळच्या, बारीक छिद्राच्या साइटमधून) ते जवळपास तेवढेच दिसेल. साइट मात्र पुन्हा जुळवून घ्यावी लागते, कारण साइटची रेषा नळीच्या वर असते आणि जवळच्या अंतरावर तो फरक वेगळा पडतो. येथे एक फसगत लपलेली आहे. वर्तुळे निम्मी झाली तरी छर्रा ४.५ मिलिमीटरचाच राहतो, त्यामुळे तो आतल्या वर्तुळाला सहज शिवतो आणि गुण फुगतात. पाच मीटरवरच्या गुणांची दहा मीटरशी तुलना करू नये. तेथे फक्त छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडले ते पाहावे.

छर्रे अडवणारी पेटी

हाताने घडवण्याची हौस पूर्ण करणारे खरे काम हे आहे, आणि त्यात घाई करू नये. पेटीचा गाभा म्हणजे तिरकी पोलादी पट्टी. साध्या पोलादाची किमान ३ मिलिमीटर, जमल्यास ५ मिलिमीटर जाडीची पट्टी घ्यावी आणि ती सुमारे ४५ अंशांत अशी बसवावी, की तिची वरची कड नेमबाजाकडे झुकलेली आणि खालची कड मागे गेलेली असेल. मग आदळलेला छर्रा चपटा होऊन खालच्या ट्रेमध्ये उतरतो. नवख्यांच्या पेट्यांत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे ही पट्टी उभी ठेवणे, आणि त्याखालोखाल ती उलट्या बाजूला झुकवणे. उभ्या पट्टीवरून शिशाचे तुकडे थेट समोर उडतात, आणि उलट झुकलेली पट्टी छर्रा छताकडे पाठवते.

पट्टीच्या तिन्ही बाजूंनी १९ मिलिमीटर प्लायवुडची पेटी करावी. समोरच्या बाजूला टार्गेटचे कार्ड सरकवायला खाचा ठेवाव्यात. एअर रायफलचे कार्ड ८० मिलिमीटर चौरस असते, पण पेटीचे तोंड किमान ३० सेंटिमीटर चौरस असावे, कारण सुरुवातीचे छर्रे कार्डाबाहेर जाणारच. खालच्या ट्रेमध्ये थोडी कोरडी वाळू किंवा जुन्या कापडाची घडी ठेवली की खणखणाट कमी होतो. नुसत्या लाकडाच्या फळीवर सराव करणारे पुष्कळ लोक आहेत. कठीण लाकडावरून कमी वेगाचा छर्रा परत येतो, आणि तो परत येण्याची दिशा सांगता येत नाही.

पेटी ही शेवटची भिंत समजू नये. तिच्या मागे आणि चहूबाजूंना किमान सव्वा मीटर चौरसाचा आडोसा असावा: जाड प्लायवुड आणि त्याच्या पुढे एक वीतभर अंतर सोडून सैल लटकवलेला जुना गालिचा किंवा जाड सतरंजी. सैल कापड छर्र्याचा वेग खाते आणि तो प्लायवुडवरून उसळला तरी त्याला परत येऊ देत नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी गोळ्या, ज्यांना बीबी म्हणतात, त्या या रेंजवर अजिबात वापरू नयेत. त्या चपट्या होत नाहीत, त्या उसळतात. छर्रे शिशाचे, सपाट तोंडाचेच घ्यावेत. त्यांनी कागदावर स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजता येतात. नेमबाजाने आणि पाहणाऱ्याने, दोघांनीही, संरक्षक चष्मा घातल्याशिवाय पहिला छर्रा भरू नये.

प्रकाश साधा विषय आहे, पण दुर्लक्षित. आंतरराष्ट्रीय नियमांत टार्गेटवर किमान १५०० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश अपेक्षित आहे. घरी टार्गेटच्या वर आणि बाजूला, नेमबाजाच्या डोळ्यांत न येणारे दोन एलईडी दिवे लावले की काम होते.

शिसे

हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून तो वगळला जातो, आणि मला याच भागाची सर्वाधिक काळजी वाटते. छर्रा पट्टीवर आदळताना शिशाची बारीक भुकटी उडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. घरातली रेंज असेल तर ही भुकटी घरातच राहते. त्यामुळे पेटीच्या आसपासची जमीन झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी, आणि ते फडके घरातल्या इतर फडक्यांत मिसळू नये. सरावाच्या जागेत खाणे, चहा पिणे, तंबाखू चोळणे हे पूर्णपणे बंद ठेवावे. छर्रे ओठांत धरून एकेक भरण्याची जुनी सवय काही लोकांना असते. ती दिसली तर ताबडतोब थांबवावी. सराव संपल्यावर साबणाने आणि गार पाण्याने हात धुवावेत, आणि मगच घरातल्या मुलांना जवळ घ्यावे. ट्रेमधले शिसे झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याकडे द्यावे, कचऱ्यात टाकू नये. खोलीला हवा खेळती हवी, आणि गर्भवती स्त्रीने किंवा लहान मुलांनी तेथे बसू नये.

रायफलीला काय करावे आणि काय करू नये

अंगाला बसवण्यासाठी जे बाहेरून फिरवता येते ते सर्व फिरवावे: दस्त्याची लांबी, गालाच्या आधाराची उंची, खांद्याच्या पट्टीचा कोन. रायफल खांद्याला लावून, डोळे मिटून, गाल आधारावर टेकवावा आणि डोळे उघडावेत. पुढची साइट पीप साइटच्या मधोमध दिसत असेल तर उंची बरोबर आहे. दिसण्यासाठी मान वाकवावी लागत असेल, तर मान नव्हे, गालाचा आधार हलवावा. अनेक जण याच्या उलट करतात आणि दोन महिन्यांनी मानदुखीची तक्रार घेऊन येतात.

आतल्या भागांना मात्र हात लावू नये. स्प्रिंगच्या रायफलीत मुख्य स्प्रिंग विश्रांतीच्या अवस्थेतही दाबलेली असते. योग्य शिकंजा नसताना मागचा स्क्रू काढला की ती सुटून तोंडावर येते. दाब असलेल्या पीसीपी सिलिंडरचा सांधा पाना लावून सोडवणे तितकेच घातक आहे. हे काम कारागिराकडे द्यावे. दट्ट्याच्या घरात शिवणयंत्राचे तेल घालण्याची पद्धतही सर्रास आढळते: हवा दाबली गेली की ते तेल पेटते, मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो आणि आतली वॉशर जळते. आवाज मोठा झाला म्हणजे ताकद वाढली, असे समजून लोक खूश होतात, हे पाहून वाईट वाटते. स्प्रिंगची रायफल छर्रा न भरता कधीही झाडू नये. दट्ट्यासमोर छर्र्याचा अडथळा नसल्याने तो पूर्ण जोराने पुढच्या भिंतीवर आदळतो. नळी मोडून छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवावी, नाहीतर ट्रिगर सुटल्यास ती झटक्याने मिटते आणि बोटे सापडतात. सराव नसेल तेव्हा रायफल रिकामी करून कुलपात ठेवावी, आणि छर्रे वेगळ्या कुलपात.

पहिले काही आठवडे

सुरुवात टार्गेटवर करू नये. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, पीसीपीच्या ड्राय फायरिंगच्या (छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबण्याच्या) सोयीवर, फक्त उभे राहणे, श्वास सोडून थांबणे आणि ट्रिगर हलकेच दाबणे एवढेच करावे. समोर गुण नसल्यामुळे लक्ष स्वतःकडे राहते. दोन्ही पाय खांद्याइतके दूर, डावा कोपर (उजव्या हाताच्या नेमबाजासाठी) कमरेच्या हाडावर टेकलेला, आणि रायफलीचे वजन स्नायूंवर नव्हे तर हाडांवर. मग टार्गेटसमोर डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत आणि उघडल्यावर साइट कोठे आली ते पाहावे. ती टार्गेटच्या डावीकडे असेल, तर हाताने ओढून आणू नये. पावले थोडी फिरवावीत. हा एक नियम न पाळल्यामुळे जितके छर्रे वाया जातात, तितके दुसऱ्या कशानेही जात नाहीत.

छर्रा सुटल्यानंतरही साइटमधून एक-दोन सेकंद पाहत राहावे. यालाच फॉलो थ्रू म्हणतात. निकाल पाहण्याच्या घाईत डोके उचलले जाते, आणि ते बहुधा छर्रा नळीत असतानाच उचलले जाते. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेवढ्या जागेसाठी डोक्याची बारीक हालचालही महागात पडते.

पाच-पाच छर्र्यांचे गट मारावेत, आणि साइट फिरवण्याचा निर्णय गटावरून घ्यावा, एका छर्र्यावरून नव्हे. गट एकत्र पण बाजूला असेल तर साइट हलवावी. विखुरलेला असेल तर साइटला हात न लावता उभे राहणे तपासावे. वहीत तारीख, छर्र्याचा प्रकार, गटाची रुंदी आणि त्या दिवशी काय जाणवले ते लिहावे. स्पर्धेत ६० छर्रे ७५ मिनिटांत मारावे लागतात, पण नवख्याने घरी एका बैठकीत ३० पेक्षा जास्त मारू नयेत. दमलेल्या अंगाला चुकीची सवय लवकर लागते.

घरच्या रेंजवर एक मर्यादा राहतेच: पाठीमागून पाहणारे कोणी नसते. म्हणून महिन्यातून किमान दोनदा प्रशिक्षकासमोर उभे राहण्याची सोय करावी. पुण्यात बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडानगरीत रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, आणि कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे यांच्या रूपाने दाखवून दिले आहे की या खेळासाठी महानगरातच जन्म घ्यावा लागत नाही. क्लबचे सभासदत्व घेतले की जिल्हा आणि राज्य स्पर्धांचा मार्ग खुला होतो, आणि त्यानंतर येते ती ग. वा. मावळंकर यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा. लोकसभेचे हे पहिले अध्यक्ष राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेतही पुढे होते. पहिल्या स्पर्धेला जाण्यापूर्वी घरच्या रेंजवर एकदा घड्याळ लावून, नेमबाजीचे जॅकेट घालून, पूर्ण ६० छर्र्यांची फेरी मारून पाहावी, आणि तीस छर्र्यांची मर्यादा फक्त त्या दिवशी मोडावी. चाळिसाव्या छर्र्यानंतर पाय आणि पाठ काय सांगतात, ते वहीत लिहून प्रशिक्षकाला दाखवावे.